सलोमी भगिनीचं भांडण

त्या वर्षी ईस्टरला लाउबे पाद्रींनी स्वतःलाच प्रभुभोजनातून उठवलं.

असं काही घडलेलंच नाही. मिशनच्या रोजनिशीत त्या दिवसापुढे 'हवा स्वच्छ, उपस्थिती समाधानकारक' एवढंच लिहिलंय, आणि रोजनिशी खुद्द पाद्रीबाबांच्या हातची, मग ती खोटं कशाला बोलेल? तेव्हा जे घडलं नाही, ते आता नीट क्रमाने सांगायला हवं.

युरोपापासून महासागरापलीकडच्या सेंट क्रॉय बेटावर मिशनचा स्वतःचा उसाचा मळा होता आणि मळ्यावर मिशनची स्वतःची माणसं. चर्चमध्ये सगळे एकमेकांचे भाऊबहीण. काही भावांनी काही बहिणी विकत घेतल्या होत्या, एवढाच काय तो फरक. सलोमी ऊस तोडायची. तिची पोर बेनिग्ना चौदा वर्षांची. चर्चला घंटा हवी होती. बंदरावरच्या एका व्यापाऱ्याकडे घंटा होती, पण घरकामाला पोरगी नव्हती. ईस्टरनंतरच्या सोमवारी अदलाबदल करायचं ठरलं. घंटेवर 'देव प्रीती आहे' असं कोरलेलं होतं.

सलोमीने रडून पाहिलं, पाय धरून पाहिले. पाद्रीबाबाही तिच्यासोबत रडले. मनाने फार हळवा माणूस.

मग तिला नियम आठवला. प्रभुभोजनाआधी एकेकाने पाद्रीबाबांच्या खोलीत जाऊन मनातलं सांगायचं, आणि कुणाचं कुणाशी भांडण असेल, तर ते मिटेपर्यंत दोघांनीही भोजनाला बसायचं नाही. एका कोंबडीवरून सलोमी आणि तिची शेजारीण मागे सहा महिने बाहेर बसल्या होत्या.

शनिवारी सकाळी ती आत गेली.

"ये, सलोमी भगिनी. हृदय कसं आहे?"

"भांडलंय, बाबा."

"अरेरे. कुणाशी?"

"एका भावाशी."

"नियम ठाऊक आहे ना? दोघांनाही भाकर बंद, द्राक्षारस बंद. कोण तो? आत्ता बोलावतो."

"बोलवायला कशाला हवं? समोरच बसलाय."

पाद्रीबाबांनी वळून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"हे भांडण नव्हे, भगिनी," ते म्हणाले. "हा मिशनचा कारभार आहे."

"कोंबडी नेली की भांडण, आणि पोर नेली की कारभार?"

"क्षमा करावी माणसाने. प्रभू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा."

"करते की. चारशे नव्वद वेळा करते, बोटांवर मोजा. बेनिग्ना घरात राहू द्या, लगेच सुरू करते."

"अगं, घंटेचा शब्द दिलाय मी!"

"मी पोर दिलीय का?"

बाहेर रांगेत मंडळीतले सर्वांत वडील, कॉर्नेलियसकाका, ताटकळले होते. "काय गं, एवढा वेळ? कुणाला मारलंस की काय?"

सलोमीने सांगितलं. काकांचं बोळकं उघडंच राहिलं.

"आयला! चाळीस वर्षं मी आत जाऊन 'हृदय बरं आहे' म्हणतोय. हे सांगता येतं, हे कुणी बोललं नाही ते!"

आणि ते तरातरा आत गेले.

दुपारपर्यंत अख्ख्या मंडळीचं एकाच भावाशी भांडण निघालं. शेवटी पाद्रीणबाई आल्या. पाद्रीबाबांनी आशेने पाहिलं.

"गेर्ट्रूड, तू तरी?"

"माझंही आहे," त्या म्हणाल्या. "पण ते जुनं आहे. घंटेशी त्याचा संबंध नाही."

मुकादमाने चाबूक सुचवला. पाद्रीबाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. पण चाबकाने माफी मागायला लावता येते, माफ करायला लावता येत नाही. शिवाय चाबूक खाऊन केलेली क्षमा नियमात बसते का, हे नियमात कुठेच दिलेलं नव्हतं.

रविवारी भाकर मांडली, द्राक्षारस ओतला. "कुणी मला क्षमा करतंय का?" त्यांनी विचारलं. सलोमी पहिल्याच बाकावर हाताची घडी घालून बसली होती. तिने नुसती मान हलवली, आडवी. मागच्या सगळ्या माना तशाच हलल्या. पाद्रीबाबांनी भाकर खाली ठेवली आणि ते शेवटच्या बाकावर, बाहेर बसवलेल्यांच्या जागेवर जाऊन बसले. आता पुढे वाढायला कुणी नव्हतं आणि घ्यायलाही कुणी नव्हतं. मंडळी एक गाणं म्हणून घरी गेली.

सोमवारी व्यापाऱ्याची गाडी घंटा घेऊन आली. पाद्रीबाबांनी दारातूनच सांगितलं, की मामला वादात आहे, मिशनच्या युरोपातल्या मंडळाकडे कळवायचाय, आणि उत्तर येईपर्यंत मळ्यावरून कुणी हलणार नाही. उत्तराला वर्ष लागतं. व्यापाऱ्याने शिव्या दिल्या आणि गाडी वळवली.

"तोवर पोर माझी?" सलोमीने विचारलं.

"तोवर... मिशनची."

"म्हणजे भांडण चालू."

नियमाप्रमाणे दुसऱ्या बाजूचंही म्हणणं पाठवणं भाग होतं. सलोमीला लिहिता येत नव्हतं, म्हणून पाद्रीबाबाच लेखणी घेऊन बसले. "एक अक्षर गाळायचं नाही," तिने बजावलं आणि वाचता येणाऱ्या कॉर्नेलियसकाकांना पाद्रीबाबांच्या खांद्यामागे उभं केलं. शेवटचं कलम लिहिताना पाद्रीबाबांचा हात दोनदा थांबला. काका दोनदा खाकरले. कलम असं होतं:

'सबब माननीय मंडळास नम्र विनंती की, बेनिग्ना हिला तिच्या आईसह व मळ्यावरील समस्त भावाबहिणींसह विनाअट मोकळे करण्यात यावे; आमच्यापैकी कुणासही विकत न घेतलेला एक पाळक पहिल्या जहाजाने पाठवावा; आणि चर्चला घंटेची निकड भासल्यास माननीय सदस्यांनी आपापल्या मुलींपैकी एक देऊन ती खरेदी करावी, व तसे उलट टपाली कळवावे.'