पाल्मारेसच्या तळ्याचं बारसं

उत्तरेच्या शेजाऱ्याने एक सही ठोकून मेक्सिकोच्या आखाताला आपलं नाव देऊन टाकलं, ही बातमी आली तेव्हा मी नगरपालिकेत बसून मारिंबाच्या लाकडी पट्ट्यांवरची धूळ पुसत होतो. सान तेल्मो नगरपालिकेचं सांस्कृतिक खातं म्हणजे मी, एक टेबल आणि तो मारिंबा. वाजवणारा कधीच वेराक्रूझ शहरातल्या हॉटेलात नोकरी धरून निघून गेला होता. वाद्य राहिलं, म्हणून खातं राहिलं, आणि खातं राहिलं म्हणून मी राहिलो.

नगराध्यक्ष एलादिओ साहेब दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, ऐकलंस का? रक्त उसळलं की नाही?"

खरं म्हणजे सकाळपासून माझं पित्त तेवढं उसळलं होतं. पण साहेब विचारतायत म्हटल्यावर मी म्हणालो, "उसळलं, साहेब."

"शनिवारी चौकात निषेध सभा घेऊ. भाषण तू लिही आणि तूच कर. माझा घसा बसलाय."

घसा ठणठणीत होता. साहेबांची थोरली मुलगी ह्यूस्टनला असते आणि त्यांचा व्हिसा नव्याने व्हायचा होता. कुणाच्या मोबाइलमध्ये आपलं तोंड यायला नको, एवढंच. पण मला त्याचं काय? मला चौक मिळाला होता, माइक मिळाला होता. बायको म्हणते, मला माइक दिसला की तहानेलेल्या घोड्याला पाणी दिसल्यासारखं होतं.

शनिवारी मी पांढरा ग्वायाबेरा शर्ट घातला आणि बोललो. काय बोललो! "पाण्याला नाव कुणाच्या मोठ्या आवाजाने मिळत नाही. पाण्याला नाव मिळतं ते..." इथे मी थांबलो, चष्मा काढला, आखाताच्या दिशेने पाहिलं. आखात तिथून दिसत नाही, मध्ये बस स्टँड आहे. पण पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणालो, "...त्याच्या काठावर ज्यांनी आपली माणसं परत येण्याची वाट पाहिली, त्यांच्याकडून." बेकरीवाली दोन्या चोले ढसाढसा रडली. तिच्या घरातलं कुणी कधी समुद्रावर गेलेलं नाही, पण रडली. कुणीतरी चित्रण करून मोबाइलवर टाकलं, आणि आठवडाभरात ते लांबच्या तांपिको शहरापर्यंत पोचलं. रस्त्यात लोक थांबवून हात मिळवायला लागले. मी आरशासमोर चष्मा काढण्याचा सराव करू लागलो.

इथवर सगळं बरं चाललं होतं. सोमवारी साहेबांनी परत बोलावलं.

"मास्तर, लोक तापलेत. तवा तापलाय तोवर अजून एक भाजून घेऊ. आपल्या तळ्याचं नाव काय?"

"पाल्मारेसचं तळं."

"म्हणजे पलीकडच्यांचं! तळं अर्धं आपलं, किनारा त्यांच्यापेक्षा आपला मोठा, आणि नकाशात नाव पाल्मारेसचं. हा अपमान नाही?"

आमच्या गावाला आणि पाल्मारेसला हे खारं तळं सामायिक आहे. एका काठावर आम्ही, दुसऱ्या काठावर ते. मधल्या पाण्यात दोघांच्या होड्या आणि दोघांचीही जाळी. त्या नावाने आजवर सान तेल्मोत कुणाची झोप उडाली नव्हती. पण साहेब पुढे म्हणाले, "ठराव लिहायला तुझ्यासारखी लेखणी या जिल्ह्यात कुणाकडे आहे?" मग मी काय करणार? त्याच दुपारी ठराव लिहून काढला. 'ज्याचा किनारा लांब, ज्याची वस्ती मोठी आणि त्या पाण्यावर ज्याचे कष्ट अधिक, त्याचंच नाव त्या पाण्याला शोभतं; सबब, आजपासून सान तेल्मोचं तळं.' 'सबब' हा शब्द मला फार आवडला होता. तो चार ठिकाणी घातला.

माझी बायको ओब्दुलिया पाल्मारेसची. हे मला ठराव लिहिताना ठाऊक नव्हतं असं नाही. पण सुचायला लागलं की माणसाला सासुरवाडी आठवत नाही.

तिला मी तो जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. कौतुकासाठी, दुसरं काय. ती मोहारा मासा तळत होती. शेवटपर्यंत ऐकलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, "हे त्या वरच्याचंच भाषण आहे की!"

"कोणाचं?"

"ज्याला परवा तू चौकात शिव्या घातल्यास त्याचं. किनारा आमचा मोठा, कष्ट आमचे, म्हणून नाव आमचं. तो हेच म्हणाला ना?"

"त्याचा सूर वेगळा होता, ओब्दुलिया."

"असं? मी कुठल्या तळ्यात पोहायला शिकले?"

"आपल्या."

"माझ्या बापाची राख कुठल्या तळ्यात सोडली?"

मी ठरावाची घडी घालून खिशात ठेवली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "या घरात किनारा माझा मोठा. स्वयंपाक माझा, कपडे धुणं माझं, तुझ्या पित्ताच्या गोळ्या आणणं माझं. सबब, आजपासून तुझं नाव रामोन."

मला वाटलं चेष्टा आहे. माझं नाव एवेलिओ. बावन्न वर्षं तेच आहे. पण सकाळी "रामोन, कॉफी" अशी हाक आली. संध्याकाळी शेजारणीला ती सांगत होती, "आमच्या रामोनला जरा बरं नाही." दुसऱ्या दिवशी बेकरीत दोन्या चोले पाव देताना म्हणाली, "घे रे रामोन." जी बाई माझ्या भाषणाला रडली होती, तीच! मी चिडून म्हणालो, माझं नाव बदलायचा माझ्या बायकोला कुणी अधिकार दिला? तर दुकानातली सगळी गिऱ्हाइकं मान हलवून म्हणाली, खरंच, कुणी दिला? आणि हसत सुटली.

ओब्दुलियाने चोरून काही केलं नाही. माझ्यासमोर बसून पाल्मारेसला आपल्या भावाला फोन लावला आणि ठराव अक्षरन् अक्षर वाचून दाखवला. तिचा भाऊ क्रिस्पीन धक्क्यावर तळलेल्या माशांचं हॉटेल चालवतो. त्याच्याकडे गावातला सगळ्यात मोठा लाउडस्पीकर आहे. रविवारी पाल्मारेसच्या धक्क्यावर निषेध सभा जाहीर झाली.

एलादिओ साहेब म्हणाले, "तू जा. त्यांना समजावून सांग. तू जावई आहेस, तुला मारणार नाहीत."

"आणि तुम्ही, साहेब?"

"माझा घसा."

रविवारी आम्ही नवरा-बायको होडीने निघालो. उत्तरेचा वारा सुटला होता, तळं चांगलंच खवळलं होतं. ओब्दुलिया पुढच्या टोकाला बसली होती, मी मागच्या. होडीवाल्याने विचारलं, "मास्तर, हे तळं आता कुणाचं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एक लाट थेट तोंडात आली. खिशातलं समजावणीचं भाषण भिजून लगदा झालं.

धक्क्यावर अख्खं पाल्मारेस लोटलं होतं. मला बघून कुणी मारलं नाही. एकाने खुर्ची दिली, एकाने शेंगदाण्याच्या तोरितोचा ग्लास हातात ठेवला. क्रिस्पीनने लांबूनच हात केला, "या दाजी! पहिल्या रांगेत बसा, तुमच्यासाठीच आहे." तोरितो गोड लागतो आणि मग हळूच चढतो. मी दोन घेतले.

क्रिस्पीनने माइक हातात घेतला. "मित्रांनो, मला भाषण येत नाही. मी मासे तळतो. म्हणून मी दुसऱ्याचं एक चांगलं भाषण पाठ करून आलोय. फक्त आखाताच्या जागी तळं म्हणणार." आणि त्याने सुरुवात केली. माझंच! शब्द न् शब्द माझा. लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते, आणि मी ग्लासात बघत होतो.

लाज वाटायला हवी होती. वाटलीही, दोनेक मिनिटं. पण नंतर एक वेगळाच त्रास सुरू झाला. क्रिस्पीन फार वाईट बोलत होता. सगळी वाक्यं एका दमात, बाजारात भाव ओरडावा तशी. मी सहन करत होतो. मग ते वाक्य आलं. "पाण्याला नाव कुणाच्या मोठ्या आवाजाने मिळत नाही पाण्याला नाव मिळतं ते त्याच्या काठावर..."

"थांब!" मी खुर्चीवरून उठून ओरडलो. "'ते' म्हणून थांबायचं असतं! चष्मा काढायचा असतो!"

क्रिस्पीनने माइक खाली घेतला.

"माझ्याकडे चष्मा नाही, दाजी," क्रिस्पीन म्हणाला.

"मग दूर बघायचं! आण तो माइक इकडे."

माझ्या हातात माइक कुणी दिला की मी ओढून घेतला, ते मला सांगता येणार नाही. चित्रणात ओढून घेतल्यासारखं दिसतं. सान तेल्मो नगरपालिकेचा अधिकृत प्रतिनिधी पाल्मारेसच्या धक्क्यावर उभा राहिला आणि स्वतःच्या ठरावाविरुद्ध स्वतःचं भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणाला. वाऱ्याने केस उडत होते, मागे तळं होतं. बस स्टँडपेक्षा कितीतरी चांगलं. चष्मा काढून मी पाण्याकडे पाहिलं आणि मला खरोखर सासरा आठवला. त्याची राख सोडताना ओब्दुलियाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले होते. आवाज मध्येच चिरकला. याचा मी सराव केलेला नव्हता. टाळ्या थांबेनात. चौकातल्यापेक्षा जास्त होत्या. मी मोजत नाही, पण अंदाज असतो.

परत येताना होडीत ओब्दुलिया माझ्या शेजारी येऊन बसली. ओल्या शर्टाची कॉलर सरळ करत म्हणाली, "एवेलिओ, तू गाढव आहेस."

"कुठलं नाव घेतलंस?"

"दोन्ही तुझीच."

सोमवारी साहेबांचा घसा एकदम सुटला. अख्ख्या इमारतीने ऐकलं. "तू कुणाच्या बाजूने होतास, मास्तर?" तेवढ्यात त्यांच्या सचिवाने दबकत सांगितलं, की तळ्याचं नाव बदलणं नगरपालिकेच्या हातात नसतंच, ते काम राजधानीतल्यांचं. साहेबांनी ठराव फाडला, असा ठराव कधी नव्हताच असं वर्तमानपत्राला कळवलं, आणि माझी बदली पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर केली. तिथे लोक बाहेरूनच सांगतात, "मास्तर, भाषण नको. नळाला पाणी कधी येणार तेवढं सांगा." मी सांगतो, मलाही ठाऊक नाही. ते आजवरचं माझं सर्वांत प्रामाणिक बोलणं असावं.

पुढे मे महिन्यात क्रिस्पीनच्या मुलीचा पंधरावा वाढदिवस झाला; आमच्याकडे तो लग्नासारखा थाटात होतो. निम्मं सान तेल्मो होडीने तिकडे गेलं होतं, साहेबसुद्धा. मुलगी गुलाबी झग्यात, मोठ्या परातीत माशांचा रसभात वाफाळतोय, आणि क्रिस्पीन म्हणाला, "दाजी, दोन शब्द बोला." ओब्दुलियाने टेबलाखालून माझा शर्ट धरला. "दोनच," मी तिला म्हटलं आणि उठलो.

भात थंड झाला असं सगळे म्हणतात. मला कल्पना नाही, मी बोलत होतो.