कड्याचा वळ

साबणाच्या फेसातून निसटलेलं कडं ताटाच्या कडेला पडलं होतं, अजून ओलं, आणि स्वयंपाकघरात कुणीच बोलत नव्हतं. बाहेरही काही वाजत नव्हतं. गुरुवार – काळेवाडीकडची वर्कशॉपं बंद. एरवी रहाटणीच्या या तिसऱ्या मजल्यापर्यंत येणारी पत्रा कापल्याची किंकाळीसुद्धा आज सुट्टीवर होती, आणि त्या रिकाम्या जागेत मिनलच्या दंडावरचा वळ लालभडक, गोल, एखाद्या उघड्या तोंडासारखा विजयश्रीकडे बघत होता.

अकरा वर्षांची मुलगी. शाळेतून आली तीच बाही खाली ओढत. कडं दंडावर अडकून बसलेलं, सकाळपासून, गणवेशाच्या आत. मोरीत नेऊन साबण लावताना ती रडली नाही. फक्त म्हणाली, "तुझ्या दंडावर तर ते सहज वरखाली होतं, मम्मी." आणि आता ताटावर बसून, ताट हातभर लांब सारत, "मला नको. माझापण गुरुवार आहे."

सकाळी आरशाशेजारच्या खिळ्यावर कडं नव्हतं. विजयश्रीनं घर पालथं घातलं होतं, ते चोरीच्या भीतीनं नव्हे. कडं मनगटावरून वर सरकवल्याशिवाय, ते कुठं थांबतं हे कळल्याशिवाय, आज खायचं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. चहाचा कप तिनं दोनदा उचलला, दोनदा ठेवला... भूक लागली आहे का, हे स्वतःला विचारायची वाट ती केव्हा विसरली? लग्नातलं चांदीचं कडं. कंपनीत दागिना चालत नाही म्हणून खिळ्यावर राहिलेलं. आणि एका सकाळी, उगीच, सहज, वर सरकवून पाहिलेलं.

उगीच कसं? – हात तर रोज तेच करायचे. चाकणच्या कंपनीत दिवसाला हजार पिना तपासायच्या. माप बघायच्या गेजच्या एका तोंडातून पिन जायलाच हवी, दुसऱ्यातून जाता कामा नये. चुकली की नापास, लाल पेटीत. जगात इतकं स्वच्छ उत्तर दुसरं कुठं मिळतं? ती घरी आली आणि तिनं स्वतःसाठी तसंच एक तोंड शोधलं. बस्स.

बाकीचं उपासांनी सांभाळलं. मोशीच्या चौकात कंपनीची बस अडकली असताना शेजारच्या सीटवरच्या रुपालीनं विचारलं होतं, "काय गं, किती बारीक झालीस! डाएट का?" आणि ती म्हणाली होती, "छे, उपास." केवढं सोपं होतं ते. डाएटला माणसं हसतात, आजाराला औषधं सुचवतात, उपासाला मात्र हात जोडतात. मग सोमवार आला, गुरुवार होताच, चतुर्थी आली, एकादशी आली. आठवड्याच्या भिंतीला एकेक खिडकी बुजवत जावी तसे तिनं दिवस बुजवले, आणि आत अंधार होत गेला तेव्हा देव्हाऱ्यात निरांजन लावलं. देवाकडं तिनं काहीच मागितलं नव्हतं. देवाला तिनं दारावर उभं केलं होतं फक्त – कुणी आत येऊ नये म्हणून.

"लेक आईवर गेली गं बाई," भाकरीच्या टोपलीजवळ बसलेल्या सासूबाई, सोजरबाई, म्हणाल्या. आणि किती कौतुकानं. "मला मेलीला गोळ्या हायेत म्हणून, न्हाईतर मीबी धरला असता. पर एवढ्याशा पोरीनं धरावा! व्हय गं मिने, निरंकार करनार का भगर खानार?"

"निरंकार म्हणजे?"

"कायबी न्हाई खायाचं. पानीबी न्हाई."

"मग तोच," मिनल म्हणाली. तिनं आजीकडं पाहिलं नाही. आईकडं पाहिलं – पास झाले का, असं.

विजयश्रीला कंपनीतलं टेबल आठवलं. गेल्या आठवड्यात लाल पेटीत चाळीस पिना निघाल्या होत्या. धनेशनं, तिच्या सुपरवायझरनं, एकेक पुन्हा तपासली. "मॅडम, पिना बरोबर आहेत. गेजही बरोबर आहे. तुमचा हात थरथरतोय. तिरका धरला की चांगली पिनसुद्धा अडकते." तो हळू बोलला होता, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "जेवलात का?" ती म्हणाली, "उपास आहे." त्यानं मान झुकवली होती.

चाळीस चांगल्या पिना. आणि ताटापुढं बसलेली ही एक.

"आई, मला भाकरी वाढा," विजयश्री म्हणाली.

सोजरबाईंचा हात टोपलीवरच राहिला. "आज? अगं, गुरुवार हाय."

"माझा उपास नाही. कधीच नव्हता." आवाज आपला वाटत नव्हता. "मला खायची भीती वाटते, आई. म्हणून देवाचं नाव घेत होते."

"असं वंगाळ बोलू न्हाई गं..." सासूबाई पुटपुटल्या; मग सुनेच्या मनगटाकडं, जणू आज पहिल्यांदाच, बघत राहिल्या आणि त्यांनी भाकरी वाढली. वर वांग्याची भाजी. तेलाचा तवंग.

घास लहान करायची सवय बोटांना होती. तिनं बोटांना मोठा तोडायला लावला. तोंडात गेला आणि भीती वर आली – खरी, जनावराची, कानांत घुमणारी. घास फुगतोय, जीभ त्याच्याखाली चेंगरतेय, आता ऊठ, मोरी चार पावलांवर आहे... मोरीची वाट पायांना तोंडपाठ होती. तिनं मांडी आणखी घट्ट घातली. चावलं. गिळलं. काहीही सुटलं नाही, कोसळलंही नाही. भीती होती तिथंच बसून राहिली, फक्त आता तिच्याशेजारी भाकरीची चव होती, थोडी खारट, करपल्या कडेची.

मिनल आईच्या गळ्याकडं बघत होती. घास खरंच खाली जातो का, ते.

विजयश्रीनं दुसरा घास तोडला, अर्धा तिच्यापुढं धरला. हात थरथरत होता. तिनं तो लपवला नाही.

"मिनू, मी कडं चढवताना तू कधीपासून बघत होतीस?"

कडं दोघींच्या मध्ये वाळत होतं. मिनलनं त्याच्याकडं पाहिलं, मग घासाकडं, मग पुष्कळ वेळ आईच्या तोंडाकडं. ती उठली. पाट भिंतीला लावला, बाही वळावरून खाली ओढली आणि घास आईच्या हातातच सोडून बाहेरच्या खोलीत निघून गेली.