रिकामं पारडं

मित्रांनो, तुमचा बॅलन्स मोबाइलमध्ये असतो, डॉक्टर तो जेवणात ठेवायला सांगतात आणि स्कूटरवर तो तुमचा तुम्हीच सांभाळता. माझा मात्र साखळ्यांना टांगलेला आहे. मी खंडेराव मार्केटमधला तराजू. वयाने जुना, तब्येतीने गंजका.

लोहाराचे घाव खाऊन मी घडलो आणि मथुराबाईंच्या कांदे-बटाट्यांच्या गाळ्यावर लागलो. दांडी आडवी झाली तरी बाई वर दोन कांदे टाकत. गिऱ्हाइकं खूश होत. ते कौतुक मी माझंच समजत असे.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मी नुसता लोंबकळत राहिलो. मग मथुराबाई वारल्या. तेव्हापासून माझं डावं पारडं रिकामं असूनही झुकू लागलं.

"सासूबाई बसल्यात," शेजारच्या गाळ्यावरचे विश्वासराव म्हणाले. "नशीब तुझं, अहल्या. माझ्या तर जिवंतपणीही मदतीला आल्या नाहीत!"

सून अहल्या हसली नाही. तिची पाच वर्षांची मोहना टायफॉइडने अंथरुणाला खिळली असताना मथुराबाईंनी नवस बोलला होता : पोर उठली की गुळाने तोलीन. पोर उठली, तोलायच्या आत बाईच गेल्या. आणि आता मोहनाला पुन्हा ताप येऊ लागला होता.

"नवस फेडून टाक," विश्वासराव म्हणाले.

"फेडते हो काका. पण त्या पारड्यात पोर ठेवायची? आईंनी नेली तर?"

"नाही ठेवलीस तर सोडतील का?"

ताप उतरत नव्हता. शेवटी अहल्याने मोहनाला माझ्या डाव्या पारड्यात बसवलं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पोर सोळा किलो भरली होती. विश्वासरावांनी दहा-दहा किलोच्या दोन ढेपा उजवीकडे ठेवल्या. पारडं हललं नाही. तिसरी ठेवली, चौथी ठेवली. मार्केट गोळा झालं. भाव करणारी बाईसुद्धा भाव सोडून बघायला आली.

"आजी, सरक ना," मोहना म्हणाली. "तुझी मांडी गार आहे."

अहल्याने माझी साखळी घट्ट धरली. "आई, गूळ सगळा तुमच्या नावाचा. वर दोन खडे जास्तच घालते. पोर मात्र माझी आहे."

तिने दोन खडे टाकले. क्षणभर काहीच झालं नाही. मग गुळाचं पारडं धाडकन खाली आलं आणि मोहना वर उडाली. अहल्याने तिला वरच्यावर झेललं. पोरीच्या अंगाला घाम फुटला होता. ताप उतरत होता.

गूळ अख्ख्या मार्केटने खाल्ला. माझी पारडी आता सरळ असतात. कुणी बसत नाही. मला फार हलकं वाटतं, आणि ते मला आवडत नाही.

तेव्हा मित्रांनो, घरातली जुनी वस्तू भंगारात काढण्याआधी एकदा दोन्ही हातांनी उचलून पाहा. रिकामी असूनही जड लागली, तर हळूच परत ठेवा. ती अजून वापरात आहे.