सर्व्हरमधली यादी

मी कॉम्प्युटर शिकवतो. वसमतला आमच्या घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत माझा क्लास आहे. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगतो: उघडून बघितल्याशिवाय काही पुसायचं नाही. पोरं माना हलवतात आणि विसरून जातात. हे मी स्वतः कुठं शिकलो ते मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही.

आमच्या भागातल्या एका सूतगिरणीच्या ऑफिसात उत्तमसिंगभाऊ ऑपरेटर होते. वारंगा फाट्याकडच्या तांड्यावरचे, बंजारा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. माझे बाबा, कोंडीबा, त्याच गिरणीत कामाला. कॉलेजात असताना मी बाबांचा डबा घेऊन जायचो आणि डबा दिला की ऑफिसच्या खिडकीला नाक लावून उभा राहायचो. एक दिवस उत्तमभाऊंनी आत बोलावलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि माझी बोटं धरून कीबोर्डवर ठेवली. आज माझं पोट ज्या कलेवर आहे ती त्यांनी दिलेली. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी काय केलं ते तुम्हाला नीट कळेल.

अठ्ठ्याण्णव साली गिरणीनं एकशे त्रेचाळीस माणसं कमी केली. गेटावर यादी लागली. बाबांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवली. मग आजूबाजूचे दहा-बारा जण जवळ आले, माझं हाय का, माझं हाय का विचारायला लागले, आणि मी एकेकाला हो म्हणत गेलो. बाबांचं नाव एकोणनव्वदावं होतं. बाबा म्हणाले, पुन्हा बघ. मी पुन्हा बघितलं. ती यादी साहेबानं सांगितली आणि उत्तमभाऊंनी टाइप केली होती. त्यात त्यांचा काय दोष? पण यादी त्याच मशिनीतून निघाली होती हे मला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द बंद झाला. किराण्याची यादी म्हणायचीसुद्धा चोरी. आई ‘सामानाची चिठ्ठी’ म्हणायची. चुकून कुणाच्या तोंडून यादी निघालं तर बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे आणि जेवायला हाक मारली तरी लवकर यायचे नाहीत. मी तापट माणूस आहे. मला वाटायचं, तो कागद गेटावरून फाडून तिथंच पायाखाली घालायला पाहिजे होता.

दोन वर्षांनी गिरणीच बंद पडली. उत्तमभाऊ पुण्याला एका कंपनीत लागले. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात शेजारच्यांच्या फोनवर त्यांचा फोन आला. गिरणीच्या ऑफिसातलं सामान निघून राहिलं होतं, त्यात सर्व्हरही होता. सर्व्हर म्हणजे ऑफिसातली मोठी मशीन, बाकीच्या सगळ्या मशिनी तिच्या जिवावर चालायच्या. जुना झाला होता, भंगाराच्या भावात जाणार होता. तातेराव नावाचे एक म्हातारे कारकून तिथं आवराआवरीला उरले होते, त्यांना भाऊंनी तो मलाच द्यायला सांगून ठेवलं होतं. भाऊंनी मला पासवर्ड सांगितला आणि म्हणाले, “आत माझं थोडं सामान हाय धम्मा. ते जपून ठेव. दिवाळीला आलो की घेतो.”

कसलं सामान, मी विचारलं नाही. लाइन खरखरत होती आणि माझं डोकं सर्व्हरमध्येच अडकलं होतं.

मशीन हातगाड्यावरून आली. दोघांनी धरून आत ठेवली. उघडली तर आत कापसाचं तूस भरलेलं. सायकलच्या पंपानं हवा मारून मारून मी ते काढलं, पंख्यांना शिलाई मशीनचं तेल घातलं. नांदेडला जाऊन जुनी रॅम आणली आणि होती त्याच्या चौपट केली. लोडशेडिंगसाठी ट्रकची बॅटरी बसवली. माझ्याकडं पाच जुन्या मशिनी पडून होत्या, त्यांच्या हार्डडिस्क मेलेल्या. सर्व्हरला जोडल्या की त्या पाचही चालणार होत्या. गिरणीनं टाकून दिलेल्या मशिनीवर गिरणीनं टाकून दिलेल्या माणसाच्या घरात क्लास चालणार, ह्याचा मला फार गर्व वाटत होता. खोटं कशाला बोलू.

नवीन सिस्टिम टाकायची तर दोन्ही डिस्क मोकळ्या करायला हव्या होत्या. सोमवारी क्लास सुरू करायचा होता, तो दिवस शनिवार. मी आतली फोल्डरं बघायला लागलो. उत्तम नावाचं एक होतं, त्यात भाऊंचे अर्ज आणि दोन-चार फोटो. ते फ्लॉपीवर काढून ठेवलं आणि म्हटलं, झालं, भाऊंचं सामान निघालं. मग खाली एक फोल्डर दिसलं. इंग्रजी अक्षरं, वाय, ए, डी, आय.

यादी.

माझं डोकंच फिरलं. त्याचा आकार सहाशे एमबीच्या वर होता. नावं टाइप केलेल्या कागदाला एवढी जागा लागत नाही. एकशे त्रेचाळीस सोडा, अख्ख्या जिल्ह्याची नावं टाइप केली तरी लागायची नाही. हे मला, कॉम्प्युटर शिकवणाऱ्याला, कळायला पाहिजे होतं. खरं सांगायचं तर कळलंही होतं. आकडा दिसला तेव्हा हात क्षणभर थांबला होता. पण मला ती यादीच असायला हवी होती.

मी बाबांना हाक मारली. ओट्यावरून उठवून आणलं, खुर्चीत बसवलं. म्हटलं, बाबा, ही बघा ती यादी, गिरणीची, आता तुमच्या हातानं पुसा. बाबा पडद्याकडं बघत राहिले. मी त्यांचं उजव्या हाताचं बोट धरून बटनावर ठेवलं, जसं भाऊंनी माझं धरलं होतं. “दाबा,” मी म्हणालो. बाबांनी दाबलं. पट्टी हळूहळू सरकत गेली आणि फोल्डर गेलं. पाच वर्षांनी बाबा त्या दिवशी हसले, रात्री जेवताना स्वतःहून तो शब्द बोलले. “आपण त्यांची यादी काढली,” आईला म्हणाले. मग मी दोन्ही डिस्क फॉरमॅट केल्या आणि सोमवारी क्लास सुरू केला.

दिवाळीला उत्तमभाऊ आले. बाबा तेव्हा हिंगोलीला बहिणीकडं गेले होते. भाऊंच्या पिशवीत टेपरेकॉर्डर होता, दोन कोऱ्या कॅसेट आणि जोडायची वायर. मशीन बघून खूश झाले, पंख्यावर हात ठेवून बघितला, माझी पाठ थोपटली. मग म्हणाले, त्यांच्या आईला, रूपाबाईला, मागल्या वर्षी लकवा मारला. हात-पाय सुधारले, वाचा गेली ती गेलीच. फाल्गुनात भाऊंच्या पोरीचं, निताचं, लग्न. बंजाऱ्यांत सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. घरातली म्हातारी तो शिकवते. निताला शिकवणाऱ्या म्हातारीचा आवाजच राहिला नव्हता.

“पण मी भरून ठेवलंय,” भाऊ म्हणाले. “ह्याच मशिनीत. फोल्डरचं नाव याडी.”

मी म्हणालो, “यादी?”

“यादी न्हाई रे. याडी. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतेत. बत्तीस गाणी हायेत तिची. रविवारी ऑफिस बंद राहायचं, तवा तिला बसनं आणून माइकपुढं बसवायचो. कॅसेट गुंतती, घासती. कॉम्प्युटरातलं कुठं जात न्हाई, म्हणून इथं ठेवलं.”

 त्याच वेळी सांगायला हवं होतं. भाऊ चिडले असते, रडले असते, कदाचित माझ्या थोबाडीत मारली असती, आणि ते बरं झालं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढं बाबांचं बोट आलं. सांगितलं तर त्या माणसाला पाच वर्षांनी मिळालेलं हसू पाप ठरणार होतं. असं मी तेव्हा मनाला समजावलं. खरं कारण एवढंच की मी घाबरलो. तोंडातून निघालं, “भाऊ, मशीन आली तवा मोकळीच होती. तातेरावांनी पुसून दिली असंल.”

भाऊ खुर्चीत बसले. टेपरेकॉर्डरची वायर बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले. डोळे भरून आले होते. मग म्हणाले, “तुझा काय दोष धम्मा.” आणि वायर, कॅसेट सगळं पिशवीत घालून निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी मी क्लास बंद ठेवून, पुसलेलं परत निघतं का बघायला, एक डिस्क घेऊन नांदेडला गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, पुसल्यावर तिच्यावर किती दिवस काम केलं? चार-पाच महिने, मी म्हणालो. त्यानं डिस्क न लावताच परत दिली. येताना बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो. घरी आल्यावर पुन्हा सर्व्हरात बसवली, कारण तिच्याशिवाय क्लास चालत नव्हता.

भाऊ तातेरावांच्या घरी जाऊन भांडून आले होते. तातेरावांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की मी त्या मशिनीला हातसुद्धा लावला न्हाई. भाऊंनी मानलं नाही. बाजारात तातेराव मला दिसायचे. एकदा थांबवून म्हणाले, तू तरी सांग त्याला, मला मशीन चालू करता येत न्हाई, पुसू कसा? मी म्हणालो, सांगतो. ते बरं म्हणून गेले. मी सांगितलं नाही. एका गरीब म्हाताऱ्याच्या मागं मी लपून बसलो होतो, ह्याची लाज मला जेवताना यायची, शिकवताना यायची, मशीन सुरू करताना पंखे घुमायला लागले की यायची.

फाल्गुनात भाऊ पत्रिका घेऊन आले. मी आत पाणी आणायला गेलो होतो. बाबा ओट्यावर होते. भाऊंना बघून त्यांना फार आनंद झाला. आतून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता.

“उत्तमसिंग, तुमी तवा टाइप केलं, तुमचा विलाज नव्हता. माझा राग न्हाई. पण आमच्या धम्मानं ती यादी पुसली बघा. तुमच्याच मशिनीतली. माझ्या हातानं पुसली. मला म्हणला, बाबा, दाबा. ह्या बोटानं दाबलं.”

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आलो. बाबा बोट वर करून दाखवत होते. भाऊ त्या बोटाकडं बघत होते, मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. काही विचारायचं उरलं नव्हतं.

“बराबर केलं काका,” भाऊ म्हणाले. आवाज हलला नाही. “किती नावं होती?”

“एकशे त्रेचाळीस.”

“गेली सगळी. चांगलं झालं.”

बाबा खूश झाले. भाऊंनी त्यांच्या हातात पत्रिका दिली, पाणी प्यायले आणि उठले. मी मागं मागं कोपऱ्यापर्यंत गेलो. “भाऊ,” मी हाक मारली.

“इंग्रजीत द अन् ड एकच,” ते म्हणाले. “ती चूक मी सोडून दिली. नाव मीच तसं ठेवलं होतं. पण चार महिने तू तातेरावला चोर ठेवला, अन् मला बी त्याच्या दारात शिव्या द्यायला लावल्या. आता मी पत्रिका घेऊन त्याच्याकडं चाललोय. पाया पडतो त्याच्या.” थोडं चालून ते पुन्हा थांबले. “लग्नाला काकांना घेऊन ये. निता ढावलो म्हणंल तवा मात्र तू मांडवात बसू नको. तिच्याकडं अन् तुझ्याकडं एका टायमाला मला बघता यायचं न्हाई.”

आम्ही गेलो. तातेराव पहिल्या ओळीत बसले होते, डोक्याला नवा फेटा. रूपाबाई मांडवाच्या खांबाला टेकून बाजेवर होत्या. निता पहिल्यांदा आजीच्या गळ्यात पडली तसा मी उठलो आणि बाहेर लिंबाखाली जीपच्या मागं जाऊन उभा राहिलो. पोरीला दोनच कडवी येत होती. ती म्हणायची, अडायची, रडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. बाया मध्येच तिला आधार द्यायच्या, पण त्यांची चाल वेगळी पडायची. रूपाबाईंचे ओठ हलत असतील का, एवढंच माझ्या मनात येत होतं. मला ती बोली येत नाही, एकच शब्द येतो, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता.

बाबा मला शोधत बाहेर आले.

“इथं काहून उभा राहिला?” ते म्हणाले. मग कान देऊन ऐकायला लागले. “धम्मा, पोरगी यादी यादी काहून म्हणून राहिली?”

मी म्हणालो, “यादी न्हाई बाबा. याडी. त्यांच्यात आईला म्हणतेत.”

 आतून तोच शब्द पुन्हा आला. मग बाबांनी आपल्या बोटाकडं बघितलं की नाही, ते मला माहीत नाही. मी वर बघितलंच नाही.