शंभराच्या आतला गट

या माय-बाप, अंमळ जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. आज आख्यान लावतो ते गडाखालच्या पालीच्या वरल्या धनगरवाड्यातल्या सोजराबाईचं.

नसरापूरच्या मंगल कार्यालयात बॉक्सिंगवाल्यांची वजनं चालली होती आणि सोजराबाई त्या काट्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होती. जन्मभर बकरी विकली, पण व्यापाऱ्याचा काटा तिच्याशी कधी खरं बोलला नव्हता.

"मॅडम, ह्यो नवा गट औंदाच कसा निगाला? कुनाच्या लाडक्यासाठी?" तिनं साधना मॅडमना विचारलं. तिच्या लेकाला, दत्ताला, बॉक्सिंग त्याच शिकवत.

"मावशी, आजवर नव्वद किलोच्या वरचे सगळे एकाच गटात लढायचे. तुमच्या दत्तासमोर सव्वाशेचा गडी. आता नव्वद ते शंभर वेगळा, त्याच्या वरचा वेगळा. भांडून मिळवलाय मी."

"व्हय, व्हय," सोजराबाई म्हणाली. बाई एवढं गोड बोलते म्हणजे पाणी मुरतंय. आपल्या वाघाला बारक्यांत कोंडायचं आणि मोठं मैदान कुणाला तरी मोकळं करून द्यायचं, दुसरं काय?

तिनं आपला बंदोबस्त पहाटेच केला होता. बाजाराला न्यायच्या बकऱ्याला मीठ चाटवतात, मग ते ढसाढसा पाणी पितं आणि काट्यावर जड भरतं. तसंच तिनं दत्ताला खारट ताक पाजलं, वर तांब्यावर तांब्या पाणी. "बास की आये," म्हणत लेकरू पीत राहिलं.

दत्ता काट्यावर चढला. आकडा शंभराच्या पुढं जाऊन थांबला.

"काल आत होतास. काय प्यालास?" मॅडमनी विचारलं.

"तहान लागलीवती," दत्ता मान खाली घालून म्हणाला.

"आता वरच्या गटात. म्हणजे परत तोच." कोपऱ्यात एक अवाढव्य गडी केळी खात बसला होता. "गेल्या साली जबडा मोडला त्यानं, विसरलास?"

"जबडा?" सोजराबाई पुढं आली. "त्यो गडाच्या पायऱ्यांवरनं पडून मोडला न्हवं?"

दत्ता आईकडं न बघता काट्यावरनं उतरला. अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या त्या माउलीनं लेकाच्या तेवढ्या एका शब्दावर घेतला नव्हता.

"म्या पाजलं," ती म्हणाली. "वजन भरावं म्हून."

पुन्हा वजन द्यायला तासाभराची मुदत होती. घोंगडी पांघरून दत्ता हायवेच्या कडेनं पळाला, मागनं आई. तरी काटा जरासा वरच राहिला.

त्या सव्वाशेच्या गड्यापुढं तिन्ही फेऱ्या दत्ता उभा राहिला. हरला, पण पडला नाही. नव्या गटात दुसरं एकच पोरगं होतं. त्याला न लढता कप मिळाला.

"एका पोरासाठी गट कशाला?" आयोजक आनंदराव म्हणाले. "पुढच्या साली बंद."

सोजराबाई टेबलापाशी गेली. "गट ऱ्हाऊ द्या, दादा. दोघं हुती. एकाला म्या भाईर काडला."

"अहो, तुमचा मुलगा टिकला की त्या गड्यापुढं. मग काय अडलं?"

"उबा ऱ्हायला म्हून लागलं न्हाई व्हय? या, त्याच्या गालाला हात लावून बघा."

आनंदराव उठले नाहीत. "बघू," म्हणाले.

'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला बाजारानं शिकवलं होतं. तिनं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. मागं पोरं खुर्च्यांवर खुर्च्या रचत होती. ती उठली नाही. शेजारी दत्ता, गालाला बर्फ धरून.

माय-बाप, सांजचा दिवा लावाल तेव्हा त्या खुर्चीवरच्या माउलीची आठवण असू द्या.