झोपेची अंगठी

थोरल्यांनी बोटाला साबण चोपडला, अंगठीला हिसडा दिला आणि ती सुनेपुढे टेबलावर आपटली.

"घाल हिला डब्यात आणि पाठव परत. खोटारडी मेली."

"आई, तुम्हीच मागे लागून मागवलीत ना?"

"मग मीच घालवते. परत पाठवायचा आज शेवटचा दिवस आहे. भर तो फॉर्म."

सून हात पुसून फोन घेऊन बसली. थोरल्यांचा यंत्रांवर भारी जीव. अक्षरांशी त्यांचं दुसरीतच फाटलं होतं, पण आकडे, रंग आणि चित्रं कुणी शिकवावी लागली नाहीत. बोलणारा वजनकाटा झाला, हाकेला ओ देणारा दिवा झाला. नवी वस्तू आली की त्या तिला तान्ह्यासारखी मांडीवर घेत, तिचा कोरा वास घेत. माणसाला काही विचारा, सात वळसे घालून सांगेल. यंत्राच्या पोटात पाप नसतं, असं त्यांचं ठाम मत. दुपारी डोळे मिटून पडल्या की त्यांना वाटे, एक दिवस असंही काही निघेल, की कपाळाला लावलं की अर्धवट सुटलेलं स्वप्न तिथूनच पुढे सुरू होईल.

अंगठी त्यातलीच. रात्री कशी झोप लागली, त्याचे शंभरपैकी गुण सकाळी फोनवर. पहिल्याच दिवशी ऐंशी पडले. शाळेत जन्मात न मिळालेले गुण निजल्या निजल्या मिळाले, तेव्हा शंभर का नकोत?

मग खापर फुटलं मास्तरांवर. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शिंपीकाम सोडून वर्षं झाली, पण झोपेत अजून मापं घ्यायचे. "छाती छत्तीस... बाही बावीस... खांदा जरा उतरता आहे, साहेब." गिऱ्हाइकं देवाघरी गेली तरी यांचे कपडे शिवून होईनात, असं थोरल्या चाळीस वर्षं पाहुण्यारावळ्यांना ऐकवत आल्या होत्या. नऊ तारखेला त्यांनी मास्तरांचा पलंग मागच्या खोलीत हलवला. मास्तर उशी काखोटीला मारून गेले.

आणि गुण घसरले. साठ, पन्नास, आज एक्केचाळीस.

"परत का पाठवताय, ते विचारतात," सून म्हणाली. "काय लिहू?"

"लिही, तोंडावर खोटं बोलते."

सुनेने आधी झोपेचं चित्र उघडलं. गाढ झोपेचे निळे डोंगर, एकामागे एक, लांब धुक्यात शिरल्यासारखे. थोरल्या बघतच राहिल्या. आपल्या आत असा मुलूख आहे आणि आपण तिथे रोज जाऊन येतो, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग डोंगर एकाएकी संपले. पुढे नुसतं माळरान.

"इथे काय झालं, आई? नऊ तारखेला..."

बोलता बोलता सून थांबली. ओठ दाबून फोनकडे बघत राहिली.

थोरल्यांनी बोटावर वाळलेला साबण नखाने खरवडला. अंथरुणात त्या हल्ली कान देऊन पडलेल्या असत. छातीमागून बाही यायची, बाहीमागून खांदा. आता काहीच येत नसे.

"दात दाखवायला काय झालं गं?"

"मी कुठे हसले? फॉर्म भरू ना?"

"दूध उतू चाललंय. ते बघ आधी."

दूध कुठेच ठेवलेलं नव्हतं. सून तरी उठून गेली.

मागच्या खोलीत मास्तर खिडकीशी सदऱ्याला बटण लावत होते. थोरल्या दारातच थांबल्या.

"अहो, या खोलीत ओल आली आहे. तुम्हाला बाधेल."

मास्तरांनी भिंतीला तळवा लावला. दुपारच्या उन्हाने ती तापली होती.

"बरीच आहे," ते म्हणाले आणि त्यांनी उशी उचलली.