शनिवारचे फास्टिंग

आपली सर्वांत देखणी केस कोणती, हे चारुताला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. फाइल क्रमांक एकोणीस. दीनानाथ काका, वय चौपन्न, मूळचे नाशिकचे, पेट्रोकेमिकल कारखान्यात देखभालीचे इंजिनिअर, दहा वर्षांचा मधुमेह. गुरुवारी सकाळी राई भागातल्या, कंपनीच्या गोदामावरच्या सभागृहात ही केस परीक्षकांपुढे मांडायची, आणि वर्षभराची रेसिडेन्सी पदरात पाडून घ्यायची, एवढेच आता उरले होते. ती पदरात पडली की पुढच्या महिन्यापासून औषध-दुकानांच्या याच साखळीच्या मिरकाब शाखेत स्वतंत्र सल्लाकक्ष, दारावर स्वतःच्या नावाची पाटी.

रेसिडेन्सी हा शब्द औषधांच्या दुकानाला नवाच होता. पदवीनंतर डॉक्टर जसे वर्षानुवर्षे इस्पितळात झिजतात, तसे फार्मासिस्टने दुकानात झिजायचे. चिठ्ठी वाचून खोके पुढे सरकवायचे एवढ्यावर थांबायचे नाही, माणसाला समोर बसवायचे, त्याच्या सगळ्या गोळ्यांची एकमेकींशी गाठ घालून पाहायची, साखर-रक्तदाब तपासायचे, आणि काही खटकले तर डॉक्टरला पत्र लिहायचे. आखातातल्या मंगफ उपनगरातल्या दुकानात काउंटरच्या मागे एक काचेची खोली होती. तिच्यात दोन खुर्च्या, एक मेज आणि अडतीस फायली. चारुताचे वर्ष त्या खोलीत गेले होते, आणि ते चांगले गेले होते. ती याच मंगफमध्ये वाढलेली. मधली चार वर्षे तेवढी पुण्याला फार्मसी शिकायला गेली होती. समोर बसलेला माणूस मराठी, हिंदी, इंग्रजी किंवा अडखळत्या अरबीत बोलो, त्याच्या बोलण्यातून दुखणे वेचून काढायला ती शिकली होती. आपल्याला नीट ऐकू येते, असा तिचा स्वतःवर विश्वास होता.

बुधवारी दुपारी सुहासिनी काकू आल्या. दीनानाथ काकांच्या पत्नी. एरवी त्या काउंटरवरूनच हसून जायच्या. आज थेट काचेच्या खोलीत शिरल्या आणि पदराने मान पुसत खुर्चीवर टेकल्या.

"चारुता, ग्लुकोजच्या गोळ्या दे गं. आणि यांना कळू देऊ नकोस मी आले होते ते."

"काय झालं काकू?"

"अकरा वाजले की हात थरथरतात म्हणे. घाम सुटतो. काल प्लँटमध्ये शिडीवर होते, पकडच सुटली. खाली माणूस होता म्हणून निभावलं." त्यांचा आवाज दबका झाला. "ऑफिसात सांगत नाहीत. सांगितलं तर मेडिकलला बसवतील, आणि मग शिडी गेली, साइट गेली. तुला माहितीये त्यांचं. खुर्चीत बसवलं तर माणूस गंजेल."

चारुताने फाइल ओढली. घाम, थरथर, अकराची वेळ: साखर खाली जाते आहे, हे सांगायला रेसिडेन्सीची गरज नव्हती. पण फाइल उलटे सांगत होती. गेल्या तीन भेटींत सकाळची उपाशीपोटीची साखर एकशे अडुसष्ट, एकशे चौऱ्याहत्तर, एकशे एकाहत्तर. याच आकड्यांच्या जोरावर तिने काकांच्या डॉक्टरांना, साबीरना, पत्र लिहिले होते, आणि त्यांनी साखर उतरवणारी गोळी एका मिलिग्रॅमची दोन केली होती.

"पण काकू, शनिवारी सकाळी इथे मोजतो तेव्हा तर वाढलेलीच असते. तीही काही न खाता."

"काही न खाता?" काकूंनी तिच्याकडे असे पाहिले की जणू पोरीला ताप चढला आहे. "वाडगाभर साबुदाण्याची खिचडी हाणून येतात की! वर एक केळं. शनिवारी मी पाचला उठते ती कशाला?"

"मी दर वेळी विचारते त्यांना. फास्टिंग आहे ना काका? हो म्हणतात."

"मग खोटं कुठे बोलले? शनिवारचा उपास धरतात, लग्नाआधीपासून. उपास असतो गं. उपाशी कशाला राहतील?"

काचेपलीकडे कुणीतरी खोकल्याचे औषध मागत होते. चारुताला ते फार लांबून ऐकू आले. तिला आठवले ते काकांचे पहिल्या शनिवारचे वाक्य, हसत, दाराशी चपला झटकत म्हटलेले: "फास्टिंग ना? अगदी कडक! शनिवार आहे." ती त्या 'कडक'वर हसलीसुद्धा होती. शुक्रवार-शनिवार इथली सुट्टी, म्हणून काका शनिवारी येत; आणि शनिवार त्यांच्या उपासाचा, म्हणून दर शनिवारी खिचडी खाऊन येत. नाशिकला असते तर शनिवारी कामावर गेले असते आणि ही गाठ कधी पडलीच नसती. एकाच फ्लॅटमध्ये दोन बिऱ्हाडे राहावीत, स्वयंपाकघर एक असावे आणि चुली दोन, तसे त्या एका इंग्रजी शब्दात दोन अर्थ राहत होते. आणि तिने दार वाजवले होते ते एकाचेच. तिच्या स्वतःच्या घरातही चतुर्थीला दाण्याच्या कुटाचा वास जिन्यापर्यंत येई. इतर कुणाला माफ असती ती चूक तिला नव्हती.

आणि आकड्यांनीही सांगून पाहिले होते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा रक्ताचा अहवाल फाइलमध्येच होता: सहा पूर्णांक सहा. उत्तम. सकाळी एकशे सत्तर असणाऱ्या माणसाची सरासरी इतकी चांगली कशी, हा प्रश्न तिला पडला होता आणि 'अहवाल जुना असेल' असे म्हणून तिने तो पानाखाली दाबला होता.

"काकू, चूक माझी आहे," ती म्हणाली. "काकांची नाही. बसा, आत्ता फोन लावते."

डॉक्टर साबीर फोनवर कमी बोलत. ते पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, "उद्यापासून पुन्हा एक मिलिग्रॅम. आज संध्याकाळी त्यांना माझ्याकडे पाठव. आणि मी गोळी वाढवली ती तुझं पत्र वाचून, हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे, डॉक्टर."

"ठीक. लवकर कळवलंस."

काकू ग्लुकोजच्या गोळ्या घेऊन निघाल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "आता मी आले होते ते त्यांना कळणारच म्हण की."

"कळणार."

"कळू दे. चिडले तर चिडले, शिडीपेक्षा मीच बरी."

चारुताच्या कामावर देखरेख करणाऱ्या हफिजा आपा बावीस वर्षांपूर्वी हैदराबादहून आलेल्या. मंगफमधल्या अर्ध्या माणसांची ब्लडप्रेशरे त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी सगळे ऐकून चष्मा कपाळावर चढवला.

"ठैरो. फास्ट में खाते?"

"हो, आपा. साबुदाणा."

"आलू?"

"आलू पण."

"मूंगफल्ली?"

"भरपूर."

"अरे बाप रे. ये फास्ट है के दावत है? हमारे रोजे में तो पानी भी नक्को." त्या खळखळून हसल्या, आणि हसू ओसरले तसा त्यांनी डॉक्टर साबीरना लिहिलेल्या पत्राची प्रत पुढे ओढली. खाली चारुताच्या सहीशेजारी त्यांची सही होती. "मैं भी दस्तखत करी. मैं भी नहीं पूछी."

त्यांनी पत्र परत फाइलमध्ये ठेवले. मग आपा हळू आवाजात म्हणाल्या, "दवा तो दुरुस्त हो गई, बेटा. कल के लिए बाईस नंबर ले जाओ. ब्लडप्रेशर वाला. साफसुथरा केस है. इम्तिहान में रिदा साहब को क्या मालूम होता?"

त्या वाक्यात लबाडी नव्हती, माया होती; म्हणूनच ते नाकारणे जड होते. बावीस नंबरची केस खरोखरच चांगली होती. चारुताने ती फाइल हातात घेतली, उघडली, आणि तिच्याही पहिल्या पानावर स्वतःच्याच अक्षरात तो शब्द पाहिला: फास्टिंग. हा शब्द अडतीस फायलींत होता.

"आपा," ती म्हणाली, "मला टेलिफोन लागेल. आणि हा सगळा गठ्ठा."

त्या संध्याकाळी तिने अडतीस घरी फोन लावले, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: त्या दिवशी इथे येण्याआधी सकाळपासून तोंडात काय काय गेले होते? उत्तरे ऐकण्यासारखी होती. एका बाईंचा गुरुवार होता आणि राजगिऱ्याचा लाडू. एका बँकवाल्याची चतुर्थी होती. एकजण म्हणाला, काही नाही, फक्त चहा; आणि चहात साखर किती, तर 'नेहमीची'. बावीस नंबरने मात्र खरोखरच पाणीसुद्धा घेतले नव्हते. रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत तिच्यापुढे एक यादी तयार होती. सहा नावे. एकोणीस नंबर सोडून कुणाचीही गोळी बदललेली नव्हती. तिने ते दोनदा तपासले, आणि मगच जेवायला बसली.

राईतल्या सभागृहाखाली दिवसभर ट्रक माल उतरवतात. बोलता बोलता मध्येच जमीन हलकेच थरथरते. परीक्षक तिघे होते, पण बोलत एकटे रिदा. ते अलेक्झांड्रियाचे, प्रशिक्षण विभागाचे प्रमुख. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. चारुताने पडद्यावर एकोणीस नंबर लावला आणि तयार केलेल्या भाषणाचे पहिले वाक्य सोडून दिले.

"ही केस मी यशाची म्हणून आणणार होते," तिने इंग्रजीत सुरुवात केली. "ती आता चुकीची म्हणून मांडते. चूक माझी आहे, आणि ती एका शब्दाची आहे."

तिने सगळे सांगितले: शनिवार, खिचडी, केळे, दाबून ठेवलेला अहवाल, शिडी. सांगताना तिचा आवाज हलला नाही, याचे तिला स्वतःलाच नवल वाटले. आत कुठेतरी भीती होती. पण तिच्या खाली आणखी एक थर होता, कठीण, कोरडा, पाय रोवता येईल असा.

रिदांनी पेन खाली ठेवले. "उपवासात माणूस खातो?"

"ठरावीक पदार्थ खातो, सर. आमच्याकडे उपवास म्हणजे पोट रिकामं असणं नव्हे, रोजचं अन्न सोडणं."

"आणि हे तुला माहीत होतं."

"लहानपणापासून."

"मग विचारलं का नाहीस?"

"कारण प्रश्न मी इंग्रजीत विचारला आणि उत्तर मला मराठीत मिळालं. दोघांनी तोच शब्द वापरला, म्हणून मला वाटलं आम्ही एकच भाषा बोलतोय."

शेजारच्या परीक्षक बाईंनी काहीतरी लिहून घेतले. खाली ट्रक मागे घेत असल्याचा भोंगा वाजत राहिला.

"दुसरी केस होती तुझ्याकडे. ती आणली असतीस तर आम्हाला कळलं नसतं."

"तुम्हाला नसतं कळलं," चारुता म्हणाली. "त्या सहाजणांना कधी ना कधी कळलं असतं."

"कोण सहाजण?"

तिने यादी पुढे ठेवली. रिदांनी ती वाचली, सावकाश, एखाद्या चिठ्ठीवरचे डॉक्टरी अक्षर लावावे तशी. मग म्हणाले, "नियम तुला माहीत आहे. रेसिडेंटच्या सल्ल्याने रुग्णाला इजा पोहोचली, तर रेसिडेन्सी वेळेवर पूर्ण होत नाही. इजा होता होता राहिली, हे नशीब. नशिबाला गुण देत नाही मी. सहा आठवडे वाढवतो. या सहाजणांची तपासणी पुन्हा, पहिल्यापासून. आणि फॉर्मवरचा तो प्रश्न काढून टाक. त्या जागी काय घालशील?"

"सकाळपासून तोंडात काय काय गेलं?"

"तोंडात," ते पुटपुटले, तो शब्द चावून पाहिल्यासारखे. "चहा, च्युइंगम, प्रसाद, सगळं आलं. ठीक. सगळ्या शाखांना पाठव."

तिने कागद गोळा केले. विचारू नये असे वाटत असतानाच तिने विचारले, "आणि मिरकाब, सर?"

"मिरकाबची खुर्ची सहा आठवडे रिकामी राहू शकते," रिदा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओठांची एक बाजू हलली. "खुर्चीला भूक लागत नाही."

शनिवारी दुकानाचे शटर पुरते वर गेलेही नव्हते, तेवढ्यात दीनानाथ काका हजर. चेहरा उतरलेला, भुवया आक्रसलेल्या, हातात स्टीलचा डबा.

"उघड लवकर. माणूस मरायला टेकलाय."

"काका, आज सकाळपासून तोंडात काय काय गेलं?"

"दात घासायचा ब्रश."

"चहा?"

"नाही."

"काका..."

"अगं नाही म्हणतो ना! सुहासिनी दारात उभी होती, ट्रॅफिक पोलिसासारखी. डबासुद्धा सील करून दिलाय." त्यांनी बोट पुढे केले. "टोच."

यंत्राने पाच सेकंद घेतले. एकशे सहा.

काकांनी मान वाकडी करून आकडा पाहिला. "म्हणजे मी पास की नापास?"

"तुम्ही पास. मी सहा आठवड्यांनी."

काकांनी डबा मेजावर ठेवला. काकूंनी त्यांना सगळे सांगितलेले दिसत होते. ते म्हणाले, "बुधवारी डॉक्टरला शिडीचं सांगितलं मी. काल साहेबांनाही फोन केला. आठ दिवस खाली काम, मग पुन्हा तपासणी." आणि जरा थांबून, "सोपं नव्हतं."

"माहीत आहे काका."

औषधाच्या नोंदीत चूक खोडायची नसते. तिच्यावर एकच सरळ रेघ ओढायची, बाजूला तारीख आणि सही करायची, आणि खालचे अक्षर वाचता येईल असे ठेवायचे, हा आपांनी तिला पहिल्याच आठवड्यात घालून दिलेला दंडक. चारुताने पट्टी ठेवून तीन आकड्यांवर तीन रेघा ओढल्या. जुने आकडे रेघेखालून स्वच्छ दिसत होते. त्यांच्याखाली तिने एकशे सहा लिहिले आणि शेजारच्या रकान्यात, मराठीत: काहीही खाल्लेले नाही.

मेजावर डब्याचे झाकण निघाल्याचा आवाज झाला. काचेच्या खोलीत तुपाचा, जिऱ्याचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास भरला, आणि बाहेरून हफिजा आपांचा आवाज आला, "या अल्लाह, फास्ट शुरू हो गया क्या?"